अधिष्ठाता नेमका कोणाचा?

विद्यापीठाच्या पत्रव्यवहारात ‘मा. अधिष्ठाता’ हा मायना तीस वर्षांपूर्वीही होता आणि आजही आहे. त्या खुर्चीवरचा माणूस मात्र आता वेगळ्या दाराने आत येतो. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानुसार विद्याशाखेचे सदस्य आपल्यातूनच अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख (डीन), निवडत. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्याला निवड समितीमार्फत नेमलेला पूर्णवेळ, पगारी अधिकारी केले. प्राध्यापक आणि प्रशासन यांच्यातला आजचा बेबनाव या एका बदलाशिवाय उलगडत नाही.

निवडणूक की नेमणूक हा वाद तसा जुनाच. १९०४ च्या कर्झनी कायद्याने विद्यापीठाच्या सिनेटमधल्या (अधिसभेतल्या) बहुसंख्य नेमणुका कुलपतींच्या हाती दिल्या, तेव्हा कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध करणारे पुण्याचे सदस्य गोपाळ कृष्ण गोखले स्वतः फर्ग्युसनमध्ये शिकवलेले प्राध्यापक होते. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे वाढली, १९७४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे झाले, आणि वीस वर्षांनी ती सगळी एका कायद्याखाली आली.

त्या १९९४ च्या व्यवस्थेत मी अभ्यासमंडळावर, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर, होतो. आमचे अधिष्ठाता तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवत. बैठकीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून येत, पिशवीत इतिवृत्ताची प्रत आणि डबा. एका बैठकीत नवा अभ्यासक्रम जूनपासूनच लागू करा, असा वरून निरोप होता. पुस्तके बाजारात आलेली नव्हती. अधिष्ठात्यांनी विषय वर्षभर पुढे ढकलला आणि तसे इतिवृत्तात लिहून सही केली. त्यांना ते जमले, कारण त्यांची खुर्ची आमच्या मतांवर उभी होती. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास घ्यायला हजर होते.

या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. पॅनेले होती, संस्थाचालकांची गणिते होती, एकेका मतासाठी जेवणावळी झडत. शिवाय स्वतःचे तास सांभाळून विद्याशाखेचा कारभार पाहणे अवघड होते. नव्या कायद्याच्या समर्थकांनी याच गोष्टी पुढे केल्या आणि त्यात तथ्य होते. पण त्यावर काढलेला उपाय पाहा. विद्याशाखा चारच उरल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीवर नेमलेला अधिष्ठाता, निवड समितीच्या अध्यक्षस्थानी कुलगुरू, आणि अधिष्ठात्याची मुदतही कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली. कुलगुरू गेले की अधिष्ठाताही गेला. अशा माणसाने कुलगुरूंच्या प्रस्तावावर ‘पुस्तके नाहीत, थांबा’ असे कशाच्या बळावर लिहायचे? पूर्णवेळ अधिकारी हवा होता तर तो प्रशासनात वेगळा नेमता आला असता. शिक्षकांच्या प्रतिनिधीचे नाव त्याला देण्याची गरज नव्हती. त्यातही अनेक विद्यापीठांत ही पदे दीर्घकाळ प्रभारींकडे राहिली, म्हणजे मुदतीचे कवचही नाही. अभ्यासमंडळावर संलग्न महाविद्यालयांतून निवडून येणारे विभागप्रमुख उरले तीन. बाकीच्या बहुतेक जागा नामनिर्देशनाच्या.

दोन्ही कायद्यांच्या मधला काळ विसरता कामा नये. २०१३ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत प्राध्यापकांच्या राज्यव्यापी संघटनेने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न, अशा त्या मागण्या. सरकारने ७१ दिवसांचे वेतन अडवले आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. कटुता तेव्हाची आहे. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये विद्यापीठांच्या प्राधिकरणांची, म्हणजे अधिसभेसारख्या निर्णय घेणाऱ्या मंडळांची, मुदत संपली. नवा कायदा येणार म्हणून निवडणुका लांबल्या. तो मार्च २०१७ पासून लागू झाला आणि निवडून आलेले सदस्य प्रत्यक्ष बैठकांना बसेपर्यंत २०१८ उजाडले.

नेमक्या याच पोकळीत राज्यातल्या सर्वांत जुन्या, मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळ्यात सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. कुलपती असलेल्या राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, विद्यार्थ्यांचे परदेशी प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ‘आधी एका विद्याशाखेत करून पाहा’ असे ठरावाने सांगू शकणारे निवडून आलेले प्राध्यापक त्या वेळी सभागृहात असते, तर मुलांचे ते तीन महिने वाचले असते, असे माझे ठाम मत आहे.

डिसेंबर २०२१ च्या दुरुस्ती विधेयकाने कुलगुरूंच्या नावांची शिफारस सरकारकडे आणि प्र-कुलपतिपद मंत्र्यांकडे देऊ केले. त्यावर विधिमंडळात रणकंदन झाले, पुढे सत्ता बदलली आणि विधेयक बारगळले. राजभवन की मंत्रालय, एवढाच तो झगडा. अधिष्ठाता पुन्हा निवडून यावा, असे त्या गदारोळात फारसे कोणी म्हटले नाही.

आणि मतदार तरी किती उरले? विद्यापीठाच्या निवडणुकीत शिक्षक गटाच्या मतदार यादीत मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकाचेच नाव येते. निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत, तिथे तासिका तत्त्वावरची मुले-मुली शिकवतात. आमच्या विभागाच्या हजेरीपटावर गेल्या खेपेला चार नावे होती. चौघेही पेपर काढत, चौघेही उत्तरपत्रिका तपासत. मतदार नोंदणीचा अर्ज आला तेव्हा तो भरता आला एकालाच.