सॅल्व्हेजचा कायदा: 'वाचवलं तरच पैसे' पासून पुढे

सॅल्व्हेज म्हटलं की बऱ्याच जणांना टोटल लॉस झालेली गाडी आठवते, विमा कंपनी क्लेम देते आणि उरलेला सांगाडा विकून जमेल तेवढे पैसे वसूल करते. तेही बरोबरच आहे, पण कायद्यात ही कल्पना (संकटातलं जहाज किंवा माल वाचवणाऱ्याला मोबदला) आली समुद्रावरून आणि तिथे ती फार जुनी आहे.

इंग्लिश कायद्यात जमिनीवर कोणी न सांगता तुमचा माल वाचवला तर सहसा त्याला मोबदला मागता येत नाही, समुद्रावर मात्र मागता येतो. धोका खरा पाहिजे, वाचवणारा आधीपासून बांधलेला नको (त्याच जहाजाचे खलाशी सहसा हक्क सांगू शकत नाहीत) आणि शेवटी काहीतरी वाचलं पाहिजे. काहीच वाचलं नाही तर एक पैसा नाही, यालाच 'नो क्युअर नो पे' म्हणतात. 1908 चा लॉइड्स ओपन फॉर्म (सॅल्व्हेजचा नमुना करार) याच पायावर, 1910 चं ब्रुसेल्स कन्व्हेन्शनही (देशांमधला करार) त्यावरच. ओपन फॉर्मवर सही करताना रक्कम ठरवत बसायचं नाही, ती नंतर लवाद ठरवतो, कारण बुडत्या जहाजावर घासाघीस परवडत नाही.

पण माणसं वाचवली तर? वाचलेल्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत. माल वाचवणाऱ्याला जे मिळतं त्यातला वाटा मिळू शकतो, बस. जीव वाचवणं हे कर्तव्य मानलंय आणि मला ते एकदम योग्य वाटतं.

खरी अडचण झाली ती तेलाच्या टँकरमुळे. 16 मार्च 1978 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ अमोको कॅडिझचं स्टीअरिंग बंद पडलं, टग (जहाज ओढणारी बोट) आला, पण ओपन फॉर्म मान्य करायचा की नाही यावर बोलणी लांबत गेली, ओढायचा दोर (टो लाइन) तुटला आणि शेवटी जहाज खडकावर जाऊन 2 लाख टनांपेक्षा जास्त तेल समुद्रात गेलं. टँकर बुडणारच असं दिसत असेल तर टगवाल्याने त्यात का पडावं, किनारा वाचवला तरी बक्षीस शून्य! म्हणून 1980 च्या फॉर्ममध्ये तेल भरलेल्या टँकरपुरता अपवाद झाला, काम फसलं तरी खर्च आणि वर जास्तीत जास्त 15 टक्के.

1989 च्या आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शनने (लागू झालं 1996 ला) हे आणखी वाढवलं, पर्यावरणाचं नुकसान टाळलं तर खर्चावर 30 टक्के, खास प्रकरणात 100 टक्क्यांपर्यंत. मग 1997 ला नागासाकी स्पिरिट या टँकरच्या केसमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की खर्चाच्या 'योग्य दरात' नफा धरायचा नाही. सॅल्व्हेज कंपन्या टग आणि माणसं वर्षभर तयार ठेवतात, हा हिशोब त्यांना पटणं शक्यच नव्हतं, म्हणून 1999 ला जहाजमालकांच्या विमा क्लबांबरोबर (मालकांनी मिळून चालवलेल्या विमा संस्था) बसून स्कोपिक नावाचं कलम आलं, त्यात दर आधीच ठरलेले आणि वर 25 टक्के बोनस.

पैशाचा प्रश्न बराचसा सुटला, पण जहाज न्यायचं कुठे हा राहिला. 2002 ला प्रेस्टीज या तेलाच्या टँकरला स्पेनने किनाऱ्यापासून लांब ढकललं आणि ते दोन तुकडे होऊन बुडालं. पुढच्याच वर्षी अशा जहाजांना आसरा देण्याबद्दल आयएमओची (संयुक्त राष्ट्रांची सागरी संघटना) मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती बंधनकारक नाहीत.