जुन्या गाडीचे ब्रेक पॅड: कंपनीचे की बाहेरचे?

जुन्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायची वेळ आली की सल्ला बहुधा दोनच प्रकारचा मिळतो. ‘कंपनीचेच घ्या, बाहेरचे नकोत’ हा एक, आणि ‘दोन्ही एकाच कारखान्यातून येतात, उगाच जास्त पैसे कशाला घालवता?’ हा दुसरा. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे. परंतु दोन्ही सल्ले खोक्यावरच्या नावाविषयी आहेत, पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क यांच्यामध्ये काय घडते याविषयी नाहीत.

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या १२०० किलो वजनाच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ४.६ लाख जूल असते. करकचून ब्रेक लावला की काही सेकंदांत ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या चाकांचे ब्रेक झेलतात. ही उष्णता सोसणारा पॅड म्हणजे अनेक घटकांचे मिश्रण असते: सगळ्यांना बांधून ठेवणारी फेनॉलिक राळ, पोलादाचे किंवा अ‍ॅरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचे तंतू, घर्षण आटोक्यात ठेवणारे ग्रॅफाइट, घासणारी अ‍ॅल्युमिनाची पूड आणि भर म्हणून बेरियम सल्फेट.

या मिश्रणाचे खरे काम पॅड बसवल्यानंतर सुरू होते. पहिल्या काही ब्रेकांमध्ये पॅडमधील द्रव्याचा अतिशय पातळ थर डिस्कच्या बिडावर चढतो, आणि पुढचे घर्षण बऱ्याच अंशी पॅड व त्याच्याच द्रव्याचा हा थर यांच्यात होते. पॅड डिस्कवर सपाट टेकल्यासारखा दिसत असला, तरी प्रत्यक्ष स्पर्श त्याच्या लहानशा भागाचाच होतो. कठीण तंतूंची टोके किंचित वर उरतात, झिजेची भुकटी त्यांच्या आडोशाला अडकते, दाबाने आणि उष्णतेने घट्ट होते, आणि अशी सूक्ष्म पठारे सारा भार पेलतात. ती फुटतात आणि त्यांच्या जागी नवी तयार होतात. घर्षणगुणांक म्हणून जो एकच आकडा आपण शाळेत शिकतो, तो ब्रेकच्या बाबतीत या अखंड घडण्या-मोडण्याचा समतोल असतो, आणि म्हणूनच तो तापमानाबरोबर बदलतो.

ब्रेक दाबताना पेडल थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते, आणि त्यामागे अनेकदा हाच थर असमान बसलेला असतो. केसाच्या जाडीहूनही कमी फरक पायाला जाणवण्यास पुरतो. म्हणून पॅडचा प्रकार बदलताना डिस्कवरचा जुना थर काढावा, नवे पॅड मध्यम वेगावरून अनेकदा हळूहळू ब्रेक लावून बसवावेत, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये.

तापमान फार वाढले की राळेचे विघटन होऊ लागते, वायू सुटतात आणि पकड सैल पडते. अनेक पॅडांच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले सामान्य तापमानाचा घर्षणगुणांक दाखवते, दुसरे तापलेल्या अवस्थेचा. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफई’ लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडणार, हे त्या दोन अक्षरांतच कळते. याउलट ‘सिरॅमिक’ किंवा ‘रेसिंग’ हे शब्द थांबण्याच्या अंतराविषयी काहीच सिद्ध करत नाहीत. शर्यतीचे पॅड तर गरम होईपर्यंत नीट पकडतच नाहीत, त्यामुळे रोजच्या रस्त्यावर ते धोक्याचे ठरू शकतात. नुसत्या जाहिरातीवर विसंबून ब्रेक निवडणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या जुन्या गाडीत याहून नाजूक प्रश्न पुढच्या-मागच्या समतोलाचा असतो. ब्रेक लागताच भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. मूळ रचनेत हे गणित धरलेले असते. मागे गरजेपेक्षा जास्त घर्षणाचे लायनर (ड्रम ब्रेकमधील घर्षणपट्ट्या) बसले, तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरू शकते. ‘जास्त पकड तेवढी चांगली’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना नेहमी एकाच प्रकारचे पॅड हवेत.

अशा गाडीला ‘मूळचाच भाग’ हवा म्हटले, तरी तो मिळेलच असे नाही. अनेक जुन्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस हे आरोग्याला घातक खनिज होते. त्यांच्या जागी आज कंपनीच्या खोक्यात येणारा पॅड निराळ्या मिश्रणाचा असतो. एकच उत्पादक दोन खोक्यांसाठी दोन वेगळी मिश्रणेही बनवू शकतो. त्यामुळे बाहेरच्या पॅडवर संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९० ची मान्यता असेल, तर मी तो निर्धास्तपणे घेईन, कारण त्या नियमानुसार पर्यायी पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. ज्यावर कसलीच खूण नाही, तो पॅड कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

रबराच्या भागांत तर ताजेपणा खोक्यावरच्या नावाहून महत्त्वाचा असतो. वर्षानुवर्षे गोदामात पडून असलेल्या कंपनीच्या सीलपेक्षा नामांकित उत्पादकाचे ताजे सील बरे, कारण रबर न वापरताही कडक होते. कॅलिपरमधले, म्हणजे पिस्टनच्या जोरावर पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातले, सील केवळ गळती अडवत नाही. ब्रेक दाबताना ते किंचित पिळले जाते आणि पाय उचलताच पूर्वस्थितीत येताना पिस्टन मागे ओढते. कडक झालेल्या सीलमध्ये ही लवचिकता उरत नाही, आणि पॅड डिस्कला घासत राहतो. बसवताना हे सील पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नये. सामान्य ब्रेक ऑइलसाठी वापरले जाणारे रबर त्यांत फुगते आणि पिस्टन जागीच अडकतो.