पोटातल्या बाळाचं वजन: हा आकडा येतो कुठून?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून निघणाऱ्या ट्रॉलरवर फिश फाइंडर असतो. तो पाण्यात ध्वनी सोडतो, परत आलेला प्रतिध्वनी टिपतो आणि मासळी किती वाव खाली आहे ते पडद्यावर दाखवतो. तालुक्याच्या गावी नवव्या महिन्यातल्या बाईच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरतो, तेव्हा तत्त्व हेच असतं. हे नातं रक्ताचंच म्हणायला हवं. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. रडार, सोनार त्यांच्या ओळखीचं. १९५५ साली त्यांनी बॉयलरच्या कारखान्यात जाऊन, धातूतली भेग शोधणारं यंत्र शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर लावून पाहिलं. १९५८ मध्ये जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. ब्राउन नोकरीला होते ती कंपनी जहाजांसाठीही अशीच खोली मोजणारी यंत्रं बनवायची.

पण सोनोग्राफी वजन करत नाही, ती लांबी मोजते. घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. आधी डोक्याची रुंदी मोजू लागले. पण डोकं मोठं म्हणून बाळ भरलेलं असतंच असं नाही. १९७५ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल आणि विल्किन यांनी पोटाच्या घेरावरून वजन काढून दाखवलं. बाळाला पोषण कमी पडलं की आधी यकृत आणि पोटावरची चरबी रोडावते, म्हणून पोटाचा घेर जास्त बोलका. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांची सूत्रं मांडली. आज आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांवर 'हॅडलॉक' हेच नाव असतं.

त्या सूत्रांची चूक साधारण अधिक-उणे १५ टक्के. म्हणजे रिपोर्टवर ३ किलो असेल, तर बाळ २५५० ग्रॅमचं असू शकतं आणि ३४५० चंही. चाळीस वर्षांत यंत्रं कितीतरी सुधारली, पण ही फट फारशी मिटलेली नाही. शेवटच्या आठवड्यांत डोकं कटीत उतरलेलं असतं, पाणी कमी झालेलं असतं, आणि पोटाच्या घेरात थोडासा फरक पडला तरी वजन बरंच हलतं. शिवाय चूक दोन्ही टोकांना वाढते: लहान बाळ जरा मोठं दिसतं, मोठं बाळ जरा लहान. मला हीच गोष्ट सगळ्यात काळजीची वाटते, कारण नेमक्या याच दोन बाळांसाठी निर्णय घ्यायचा असतो. सिंधुदुर्गातल्या बाईला गोव्यात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवायचं की नाही, हे ठरवताना घरचे त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतात.

एमआरआयने बाळाचं घनफळ मोजून वजन काढण्याचा प्रयत्न नॉटिंगहॅममध्ये १९९४ ला झाला. पद्धत जास्त अचूक आहे, पण ती रोजच्या तपासणीत येणं कोकणात तरी दूरच. सूत्र कोणत्या बायकांच्या मोजमापांवर बेतलं, हाही प्रश्न होताच. म्हणून आठ देशांत 'इंटरग्रोथ-२१' हा प्रकल्प झाला. त्यात आपलं नागपूर होतं. २०१७ मधल्या त्यांच्या सूत्रात मांडीचं हाड वगळून फक्त डोकं आणि पोट घेतलं आहे.

आणि सोनोग्राफीच्या आधीची टेप? १९५४ मध्ये जॉन्सन आणि तोशाक यांनी सांगितलं: गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, डोकं किती उतरलंय ते पाहून ११ ते १३ वजा करा, १५५ ने गुणा. उंची ३२ आणि वजा १२, तर ३१०० ग्रॅम. पूर्ण दिवसांच्या, साधारण वजनाच्या बाळांत अनुभवी हाताचा अंदाज सोनोग्राफीच्या जवळपास येतो, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं आहे. ती टेप उपकेंद्रातल्या सिस्टरकडे आजही असते, आणि मागच्या महिन्यात पोट किती होतं हेही तिच्याच कार्डावर लिहिलेलं असतं.