एचआयव्हीबाधित तान्ह्या बाळाची एआरटी: पात्रता, चाचणी, कागदपत्रं आणि पहिले महिने

तान्ह्या बाळाला एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, मिळण्यासाठी पात्रतेची अट एकच आहे: लागण झाल्याचं निदान. सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक रक्तपेशी, किती आहेत, बाळ आजारी दिसतं की हसतं-खेळतं आहे, यावर काही अवलंबून नाही. पूर्वी अवलंबून होतं, आणि पेशी घसरण्याची वाट पाहण्यात मुलं जात होती. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एका अभ्यासात निदान होताच औषध सुरू केलेल्या बाळांमधले मृत्यू, थांबून औषध दिलेल्या बाळांपेक्षा सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी निघाले. त्यानंतर 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाधित बाळाला लगेच उपचार द्यायला सांगितलं. 2010 मध्ये ही मर्यादा दोन वर्षांवर आणि 2013 मध्ये पाच वर्षांवर नेली. 2015 पासून वयाची अटच उरलेली नाही.

घाई कशासाठी, हेही सांगायला हवं. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी साधारण एक-तृतीयांश पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नाहीत आणि जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. त्यामुळे पुढची सगळी प्रक्रिया वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: कुठलाही कागद कमी आहे म्हणून औषध थांबता कामा नये.

निदान कोणत्या चाचणीने

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. मोठ्या माणसांची नेहमीची तपासणी रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, शोधते. आईच्या अँटिबॉडी गर्भातच बाळाकडे जातात आणि 18 महिन्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणून लहान बाळाची ही तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्यातून आईला लागण आहे एवढंच कळतं. बाळाचं निदान करायला थेट विषाणूचा अंश शोधणारी चाचणी लागते. तिला बहुतेक ठिकाणी पीसीआर म्हणतात. अर्जावर किंवा चिठ्ठीवर कोणती चाचणी लिहिली आहे ते जरूर पाहा आणि शंका असेल तर समुपदेशकाला विचारा.

ही चाचणी बाळ 4 ते 6 आठवड्यांचं असताना करतात. काही देशांत जन्मताच एकदा करून घेतात. बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदी कार्डावरच्या गोलांमध्ये टिपतात. गोल काठोकाठ भरावा लागतो आणि रक्त कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपावं लागतं. कार्ड उन्हात न ठेवता, सपाट ठेवून काही तास वाळवतात, मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करून प्रयोगशाळेला पाठवतात. गोल अर्धवट भरला किंवा कार्ड ओलं गेलं, तर नमुना बाद होतो आणि बाळाचे आठवडे वाया जातात. काही केंद्रांत आता छोटं यंत्र असतं, तिथे त्याच दिवशी निकाल कळतो. कार्ड बाहेर पाठवणार असतील, तर निघण्याआधी निकाल कधी आणि कसा कळवणार हे विचारून लिहून घ्या. चालू असलेला फोन नंबर द्या, शक्य तर दोन.

निकाल पॉझिटिव्ह आला की खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात. त्याचा निकाल येईपर्यंत औषध रोखून ठेवायचं नसतं. दुसरा नमुना आणि पहिला डोस एकाच भेटीत व्हावेत. औषध शक्य तर त्याच दिवशी, फार तर आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवं.

निगेटिव्ह आलं तरी पाठपुरावा संपत नाही, कारण अंगावरच्या दुधातून लागण होऊ शकते. नवव्या महिन्यात पुन्हा चाचणी होते. शेवटची चाचणी 18 महिन्यांना किंवा स्तनपान बंद झाल्यावर तीन महिन्यांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हा. ती झाल्याशिवाय बाळ सुटलं असं समजू नका.

सोबत काय न्यायचं

आईचा एचआयव्ही अहवाल, ती औषध घेत असेल तर तिचं उपचार-पुस्तक आणि असल्यास शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याचा अहवाल. जन्माची नोंद किंवा रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, ज्यावर जन्मतारीख आणि जन्मवजन असतं. जन्मापासून बाळाला कोणतं प्रतिबंधक औषध (नेव्हिरापीन, झिडोव्ह्यूडिन) किती दिवस दिलं, त्याची चिठ्ठी किंवा रिकामी बाटली. लसीकरण कार्डही न्या, कारण बीसीजीसारख्या जिवंत लसीचा निर्णय त्यावरून घ्यावा लागतो. आई हयात नसेल किंवा सोबत नसेल, तर बाळाला सांभाळणाऱ्याने स्वतःचं ओळखपत्र आणि पालकत्वाचा जो कागद हाती असेल तो न्यावा, कारण बाळाच्या वतीने संमती त्याला द्यायची असते.

यातलं काहीच नसेल तरी बाळाला घेऊन जा. राहिलेले कागद पुढच्या भेटीला देता येतात. नोंदणीतली माहिती गोपनीय असते. ती कोण पाहणार हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

औषध आणि वजन

चार आठवड्यांपुढच्या, किमान 3 किलो वजनाच्या बाळासाठी आज पहिली पसंती आहे अबाकॅव्हिर, लॅमिव्ह्यूडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिघांना. त्याहून लहान बाळांना वेगळी औषधं देऊन नंतर यावर आणतात. उपचार सुरू झाला की प्रतिबंधक नेव्हिरापीन किंवा झिडोव्ह्यूडिन थांबतं. कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक मात्र चालू राहतं, ते न्यूमोनियासारखे संसर्ग टाळण्यासाठी असतं.

डोस वजनावर ठरतो, आणि तान्हं बाळ झपाट्याने वाढतं. डोल्युटेग्रॅव्हिरची 10 मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी 3 ते 5.9 किलोच्या बाळाला रोज अर्धी देतात. 6 किलो ओलांडताच ती दीड होते, म्हणजे थेट तिप्पट. म्हणून प्रत्येक भेटीत वजन झालंच पाहिजे. गर्दीत कुणी विसरलं, तर आपण आठवण करून द्यायची. अपुऱ्या डोसात विषाणू औषधाला सरावतो आणि तेच औषध पुढे उपयोगी पडत नाही.

गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून अर्ध्या तासाच्या आत पाजायची. मग त्याच भांड्यात थोडं पाणी घालून हलवायचं आणि तेही पाजायचं, कारण तळाशी औषध राहिलेलं असतं. पाजल्यावर अर्ध्या तासात बाळाने उलटी केली, तर डोस पुन्हा द्या. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवावं लागतं. क्षयरोगाचं औषध चालू असेल तर तेही सांगा, डोस बदलतो.

अंगावर पाजणाऱ्या आयांना एक भीती हमखास असते, की बाळ बाधित निघालं म्हणजे आता दूध तोडायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला नेमका उलट आहे: लागण झालेल्या बाळाला स्तनपान चालूच ठेवावं, पहिले सहा महिने फक्त तेच. अशा बाळाला आईच्या दुधाची गरज जास्त आहे. आईने स्वतःची औषधंही एकही दिवस चुकवू नयेत.

औषध सुरू झाल्यावर साधारण सहाव्या महिन्यात व्हायरल लोड तपासतात. तो खाली आला नसेल, तर आधी रोज औषध पोटात जातं का आणि डोस वजनाप्रमाणे आहे का हे पाहतात, मग औषध बदलायचा विचार होतो. गाव किंवा शहर बदलणार असाल, तर जुन्या केंद्राकडून बदली-पत्र आणि नव्या ठिकाणी नोंद होईपर्यंत पुरेल एवढं औषध घेऊनच निघा.