डिस्क वाचायची, पण ड्रायव्हर डिस्कवरच

डिस्क वाचायला ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा प्रोग्राम, लागतो आणि ड्रायव्हरची फाइल असते डिस्कवरच. कुठलाही संगणक सुरू होताना हा पेच पडतो. लॅपटॉपवर तो आपोआप सुटतो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या महासंगणकीय कामांच्या यंत्रावर, लिनक्स चालवणाऱ्याला मात्र तो स्वतः समजून घ्यावा लागतो.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हापासूनची पद्धत अशी: ऑपरेटर एका उपकरणाचा क्रमांक देतो आणि यंत्र त्यावरचे पहिले २४ बाइट्स मेमरीच्या अगदी सुरुवातीला आणून ठेवतं. त्यातले ८ बाइट्स प्रोसेसरने काम कुठून सुरू करायचं ते सांगतात. उरलेल्या १६ बाइट्समध्ये चॅनलसाठी दोन आज्ञा असतात, म्हणजे पुढे काय वाचायचं ते. चॅनल हे वाचन-लेखनाचं स्वतंत्र हार्डवेअर. इथवर ना फाइल सिस्टिम लागते, ना ड्रायव्हर. इतकी साधी, इतकी भक्कम रचना आजही टिकून आहे याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

या साखळीतून लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आणि सोबत एक छोटी रॅमडिस्क, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा मेमरीत ठेवलेला गठ्ठा, मेमरीत येते. डिस्कचा ड्रायव्हर या रॅमडिस्कमध्ये असतो, म्हणजे पेच निम्मा सुटला.

उरलेला निम्मा अवघड आहे. डिस्क कोणती? मेनफ्रेममध्ये प्रत्येक उपकरणाला चार हेक्साडेसिमल अंकांचा क्रमांक असतो, त्यामुळे उपकरणांच्या एका संचात ६५,५३६ क्रमांक शक्य असतात. शिवाय एकच डिस्क अनेक सिस्टिमना जोडलेली असू शकते. समोर दिसेल ती डिस्क लिनक्सने उघडली, तर ती दुसऱ्याच सिस्टिमची निघायची. म्हणून मेनफ्रेमच्या पारंपरिक डिस्क, ज्यांना तिथे ‘डॅस्डी’ म्हणतात, सांगितल्याशिवाय ऑनलाइन येत नाहीत. हा काटेकोरपणा मला योग्यच वाटतो.

सांगायचं म्हणजे क्रमांकांची यादी द्यायची. ०२०१ ते ०२०३ असं कर्नलच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांमध्ये, लिहिलं, की त्याच क्रमाने डिस्कना नावं मिळतात. पुढे कुणी यादीच्या सुरुवातीला आणखी एक क्रमांक घातला, की सगळी नावं एकेक घर सरकतात. त्यामुळे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या माउंटच्या नोंदीत नाव न लिहिता डिस्कचा क्रमांक किंवा यूयूआयडी (फाइल सिस्टिमची न बदलणारी ओळख) लिहिणंच बरं. फायबर चॅनलच्या जाळ्यातून जोडलेल्या स्कझी या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कसाठी साधारणपणे तीन गोष्टी लागतात: अडॅप्टरचा क्रमांक, समोरच्या पोर्टचा पत्ता आणि लून, म्हणजे त्या पोर्टमागच्या डिस्कचा क्रमांक.

खरी गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. समजा, रूट फाइल सिस्टिम (जिच्यावर लिनक्सच्या मूळ फाइली असतात) भरत आली म्हणून ०२०४ ही डिस्क ऑनलाइन आणून रूटच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्र वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या गटात, जोडली. यंत्र सुरळीत चालतं. मग कधीतरी देखभालीसाठी ते पुन्हा सुरू केलं जातं आणि रूटच सापडत नाही. कारण ०२०४ ची माहिती होती ती चालू कर्नलला, रॅमडिस्कमधली यादी जुनीच राहिली.

म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये बदल केला की रॅमडिस्क नव्याने बांधायची आणि त्यानंतर ‘झिपल’ हा प्रोग्राम चालवायचा. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते. झिपल कर्नल आणि रॅमडिस्क डिस्कवर नेमक्या कोणत्या ब्लॉकमध्ये आहेत ते नोंदवून ठेवतो, कारण सुरुवातीच्या लोडरला फाइल सिस्टिम कळत नाही. नवी रॅमडिस्क नव्या ब्लॉकमध्ये जाते, नोंद मात्र जुन्याच ब्लॉकची राहते. बदल रूटला लागणाऱ्या डिस्कचा नसेल आणि ते ब्लॉक दुसऱ्या कशाने पुसले गेले नसतील, तर यंत्र जुन्या रॅमडिस्कवर निमूट सुरूही होतं आणि दोष काही महिने लपून राहतो.

आता मेनफ्रेमवरच्या लिनक्ससाठीच्या एस३९०-टूल्स या संचातली ‘सीएचझेडदेव्ह’ ही आज्ञा डिस्क लगेच ऑनलाइन आणते, सेटिंग कायमचं नोंदवते आणि त्या डिस्कवर रूट अवलंबून असेल तर रॅमडिस्कही अद्ययावत करते. तरीही यंत्र बंद करण्याआधी रॅमडिस्क उघडून नवा क्रमांक तिच्यात आहे ना, हे बघून घ्यावं. त्याला मिनिटभर पुरतं.