घाटमाथा आणि पर्जन्यछाया (बेळगाव सीमाभाग)

समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, तिच्यातला बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच झडतो आणि पाठीमागच्या पठाराच्या वाट्याला उरलासुरला येतो. बेळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेला चंदगड-गडहिंग्लजचा भाग यांत हा फरक फार थोड्या अंतरात दिसतो. खानापूर तालुक्यातील कणकुंबीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तिथून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या बेळगाव शहरात तो साधारण १,२०० ते १,३०० आणि जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, अथणीकडे, ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो. शालेय भूगोलात याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात.

शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेल्या आणि एकाच उंचीवर तापमान व बाष्प जवळपास सारखे असलेल्या हवेच्या साठ्याला वायुराशी म्हणतात. ज्या जमिनीवर वा पाण्यावर ती दिवसेंदिवस मुक्काम करते, त्याचा गुण तिला लागतो. टोर बर्जेरॉन या स्वीडिश हवामानशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये वायुराशींचे जे वर्गीकरण मांडले, त्याचा पायाही हाच : हवा उगम पावते ते ठिकाण उष्ण की थंड, समुद्र की जमीन. सीमाभागाचा संबंध मुख्यतः दोन वायुराशींशी येतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारी उष्ण-दमट हवा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून जमिनीवरून येणारी कोरडी हवा.

जुलैत गोव्याच्या किनाऱ्यावर तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर ही हवा साडेतीनशे-चारशे मीटर चढताच तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊ लागतात, म्हणजे ढग धरतो. तोवर ती किलोमीटरला सुमारे १० अंश या वेगाने निवते. ढग धरल्यावर बाष्पातली उष्णता मोकळी होते, त्यामुळे पुढे निवण्याचा वेग किलोमीटरला चार-पाच अंशांवर येतो, आणि ही ऊब हवेला आणखी वर ढकलते. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाचा माथा ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे निम्मी चढण ढगातूनच होते. पावसाळ्यात तिथे भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात ते धुक्यामुळे, असे सगळे म्हणतात. खरे तर तो ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. कोकणाकडची बाजू कड्यासारखी तुटलेली असल्याने ही चढण काही किलोमीटरांतच उरकते आणि पाऊस एका अरुंद पट्ट्यात एकवटतो.

पलीकडे उतरताना हवा तापते आणि ढग विरतात, हे पाठ्यपुस्तकातले चित्र इथे निम्मेच लागू पडते. बेळगाव स्वतः ७५० मीटरवर आहे, आणि पूर्वेकडचे पठारही काही फार खाली गेलेले नाही. म्हणजे उतरायला जागाच थोडी. पाऊस घटतो तो मुख्यतः दोन कारणांनी : हवेला वर ढकलणारा कडा मागे पडतो आणि तिच्यातले बरेच पाणी आधीच सांडून गेलेले असते. म्हणून अथणी-सौंदत्तीकडे आषाढात वारा घोंघावतो, ढग डोक्यावरून पळत राहतात, आणि अंगण मात्र जेमतेम भिजते. सौंदत्तीच्या माळावरच्या पवनचक्क्या या वाऱ्यावर फिरतात.

पिके या पट्ट्यांनुसार बदलतात. खानापूर-चंदगडात भात, नाचणी, काजू. बेळगावभोवती धूळवाफ पेरणीचा (पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरलेला) भात, आणि तो निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर, वाटाणा. पूर्वेच्या काळ्या जमिनीत रब्बी जोंधळा. मृगाने पेरणी, तरण्या-म्हाताऱ्या पावसात (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत) चिखल आणि लावणी, हे गणित पश्चिम भागाचे. पूर्वेकडची नजर परतीच्या पावसावर असते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण जोंधळेवाल्यालाच अधिक कळते. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापूरला जोडला गेला. पावसाचे पट्टे मात्र उत्तर-दक्षिण आहेत, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने चंदगड आजही अथणीपेक्षा खानापूरला जवळचा.

एप्रिल-मेमधला वळीव या नियमात बसत नाही. सकाळपासून तापलेली पठारावरची हवा आणि दुपारनंतर घाट ओलांडून येणारा दमट समुद्री वारा एकत्र आले की ढग उंच उभे वाढतात, कडकडाट होतो, कधी गाराही पडतात. एका शिवारात बांध फुटतात आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. डोंगराचा हात यात असतो, पण दुय्यम. खरे काम उन्हाचे. हिवाळ्यात कोरड्या हवेमुळे आकाश निरभ्र राहते, रात्री जमीन झपाट्याने निवते आणि मसुरीच्या रानात पहाटे दव पडते.

सह्याद्री पूर्वेचा पाऊस अडवतो, पण पाणी अडवत नाही. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा, तसेच घटप्रभा, दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा या सगळ्या पूर्ववाहिनी. महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात धो-धो पडले की दोन-तीन दिवसांनी चिक्कोडी, रायबाग, अथणीचा नदीकाठ पाण्याखाली जातो, मग तिथे पाऊस असो वा नसो. २०१९ च्या उन्हाळ्यात याच टापूत कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून मागणी चालली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काठची गावे महापुरात बुडाली. त्यामुळे पावसाळ्यात इथला काठावरचा शेतकरी आपल्या डोक्यावरच्या ढगांपेक्षा कोयनेतून आज किती क्युसेक सोडले, याचीच चौकशी आधी करतो.