मॅसॅच्युसेट्स गव्हर्नर निवडणूक, १८३९

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर १८३९ मध्ये झालेली गव्हर्नरपदाची निवडणूक. तीत डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्कस मॉर्टन यांनी विद्यमान गव्हर्नर, व्हिग पक्षाचे एडवर्ड एव्हरेट यांचा पराभव केला.

गव्हर्नर तेव्हा दरवर्षी निवडला जाई. राज्याच्या उच्चतम न्यायालयात न्यायाधीश असलेले मॉर्टन १८२८ पासून दर खेपेस उभे राहत आणि हरत. या वेळी चित्र पालटले ते दारूमुळे. एव्हरेट यांनी १८३८ मध्ये मंजुरी दिलेल्या कायद्याने १५ गॅलनहून (सुमारे ५७ लिटर) कमी मद्य विकण्यास बंदी घातली. श्रीमंताला पिंपच्या पिंप घरी नेता येई. पेल्यावारी पिणाऱ्या मजुराची मात्र पंचाईत झाली. पळवाटाही निघाल्या. डेडम गावी एकाने पट्टे रंगवलेले डुक्कर तंबूत ठेवले. ते पाहायला पैसे पडत, वर रमचा पेला फुकट! दारूबंदीवाल्यांना खूश करताना व्हिगांनी आपलेच बरेच मतदार दुखावले.

मॉर्टन एका मताने जिंकले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. मॉर्टन यांना ५१,०३४ आणि एव्हरेट यांना ५०,७२५ मते पडली, म्हणजे आघाडी ३०९ मतांची होती. पण राज्यघटनेनुसार एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागत, नाहीतर निवड विधिमंडळाकडे जाई, आणि तिथे व्हिगांचे बहुमत होते. एकूण मते १,०२,०६६. त्यांचे निम्मे ५१,०३३; मॉर्टन यांना त्याहून एकच मत जास्त होते. इतर नावांवर विखुरलेली ३०७ मते हिशेबात नसती, तर मॉर्टन यांचा विजय एवढा काठावरचा ठरलाच नसता.

काही मतपत्रिकांवर आक्षेप घेऊन निकाल फिरवण्याची संधी व्हिगांना होती, परंतु एव्हरेट यांनी वाद घातला नाही. पुढे ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत आणि हार्वर्डचे अध्यक्ष झाले. १८६३ मध्ये गेटिसबर्गला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या छोट्या भाषणाआधी सुमारे दोन तास बोललेले वक्ते तेच.

मॉर्टन यांच्या सुधारणांपैकी बहुतेक व्हिग विधिमंडळाने अडवल्या. १५ गॅलनचा कायदा मात्र १८४० मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी व्हिग पक्षाचे जॉन डेव्हिस यांनी मॉर्टन यांना हरवले. १८४२ च्या निवडणुकीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने निर्णय विधिमंडळात गेला आणि मॉर्टन पुन्हा गव्हर्नर झाले. निम्म्याहून अधिक मतांची ही अट १८५५ मध्ये घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आली.